हापशाचा दिवा आणि तीनशे बारा कुंड्या

सोमवार, २९ सप्टेंबर १९८६. लातूर.
सकाळी सहाला बोअर सुरू केली. बत्तीस मिनिटे पाणी आले, मग नुसती हवा. ३१२ कुंड्यांना प्रत्येकी एक मग पाणी. धुरपता पाऊण तास उशिरा आली, हापशावर रांग होती. मागच्या ओळीत सात झाडांच्या पानांखाली पांढरी माशी, साबणाच्या पाण्याने पुसली. दुपारी रस्त्याच्या खांबावर दिवा बसवून गेले. सायंकाळी पावणेसातला लागला. बायकांनी टाळ्या वाजवल्या. चांगले झाले.

एवढे लिहून रुद्राणीबाईंनी पेनाला टोपण लावले आणि खिडकीचा पडदा बाजूला केला. अंगणापलीकडे रस्त्याच्या कडेने त्यांचे झाडांसाठीचे प्लास्टिकचे घर उभे होते. साठ फूट लांब, चौदा फूट रुंद, पाइपांच्या कमानींवर जाड पांढरा कागद ताणलेला. इतकी वर्षे अंधार पडला की ते दिसेनासे व्हायचे. आज ते आतून दिवाणखान्यासारखे उजळलेले होते. कुंड्यांच्या आठही ओळी, पान न् पान, इथून मोजता आले असते.

पडदा सोडून त्या पुन्हा खुर्चीत बसल्या. वही उघडली, 'चांगले झाले' वर बोट ठेवले, पण खोडले नाही. लिहिलेले खोडायचे नाही, ही बोर्डिंगातली शिस्त होती.

रुद्राणीबाईंचे वडील निजामाच्या वेळी उदगीरला करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर कारकून होते. मुलीने इंग्रजी शिकावे म्हणून त्यांनी तिला आठव्या वर्षी सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटात ठेवले. घरी कानडी, गल्लीत मराठी, बाजारात उर्दू आणि शाळेत इंग्रजी, अशा चार भाषांतून ती मुलगी वाढली. वर्गाच्या सिस्टरने रोज रात्री दहा ओळी लिहायची सवय लावली. काय घडले ते लिही, काय वाटले ते देवाला सांग, असे ती म्हणायची. लग्न होऊन लातूरला आल्यावर देव बदलला, दहा ओळी तशाच राहिल्या. नवरा गुरुबसप्पा शेती खात्यात होता. तो पंचाहत्तर साली गेला तेव्हा मागे राहिले ते नांदेड रस्त्यावरचे छोटे घर, त्याभोवतीची अर्धा एकर जमीन, आणि कपाटात वह्यांच्या दोन फळ्या.

लालपत्त्याची झाडे आली अठ्ठ्याहत्तर साली. नाताळात त्या जुनी शाळा पाहायला गेल्या होत्या. प्रार्थनाघराच्या पायऱ्यांवर दोन्ही बाजूंनी लाल झाडे मांडलेली होती, लहानपणी असायची तशीच. सिस्टरांच्या बागेतून त्यांनी तीन काड्या मागून घेतल्या आणि ओल्या रुमालात गुंडाळून एस. टी.ने लातूरला आणल्या. पॉइन्सेटिया हे नाव कुणाच्या तोंडी बसेना. पाने लाल होतात म्हणून बायका लालपत्ता म्हणू लागल्या. नाव बरोबरच होते, कारण त्या झाडाला फूल म्हणावे असे काही नसते. मधोमध चार पिवळे मणी, तेच फूल. लोक ज्याला भुलतात ती शेंड्याची पानेच असतात.

तीन काड्यांची तीस झाडे झाली, तिसाची शंभर. काडी तोडली की पांढरा चीक येतो, त्यामुळे शेळी तोंड लावत नाही. पाणी बेताचे लागते. मात्र उन्हाळी वारा आणि धूळ सोसत नाही, म्हणून प्लास्टिकचे घर. पण झाडाची खरी खोड वह्यांनी दाखवली. ओसरीतली कुंडी तीन वर्षे हिरवीच राहिली होती आणि मागच्या अंगणातल्या बरोबर डिसेंबरात लाल झाल्या होत्या. रुद्राणीबाईंनी तीन वर्षांच्या वह्या शेजारी शेजारी मांडल्या. खत तेच, माती तीच, पाणी तेच. फरक एवढाच की ओसरीत रात्री दहापर्यंत बल्ब जळत असे. पुढच्या वर्षी त्यांनी बल्ब काढला आणि ओसरीतली कुंडी लाल झाली. या झाडाला दसऱ्यापासून पुढे रात्र पुरती काळी लागते. मध्ये उजेड शिरला की त्याला वाटते अजून उन्हाळाच आहे, आणि ते हिरवे राहून नुसते वाढत बसते.

तेव्हापासून दसरा ते दिवाळी झाडांच्या बाजूला दिवा लावायचा नाही असा नियम झाला. दिवाळीतला आकाशकंदील मागच्या दारी. सारे लातूर वीज गेली म्हणून कपाळाला हात लावायचे तेव्हा रुद्राणीबाई समाधानाने अंधारात बसायच्या. शेजारपाजारच्यांनी त्यांना थोडे वेडे ठरवून टाकले होते.

आणि त्याच रुद्राणीबाईंनी एप्रिल महिन्यात रस्त्यावरच्या त्या दिव्यासाठी अर्ज लिहिला होता.

रस्त्याच्या पलीकडे चाळीसेक घरांची वस्ती होती, निळ्या झेंड्याच्या विहाराभोवती. वस्तीचा हापसा रस्त्याच्या अलीकडे, रुद्राणीबाईंच्या फाटकासमोर. या दुष्काळात दिवसा हापशाला पाणी टिकत नसे. सांज झाल्यावर थोडे चढायचे, पहाटे थोडे चढायचे, आणि तेवढ्यात चाळीस घरांच्या घागरी. मार्चमध्ये अंधारात सरजाबाई घागरीसकट घसरून पडली, मनगट मोडले. मग बायका रुद्राणीबाईंकडे आल्या. बाईंचे अक्षर छापल्यासारखे. त्यांनी मराठीत अर्ज लिहिला, त्याची इंग्रजी प्रत जोडली, दिवा नेमका कुठे हवा त्याचा नकाशा पट्टीने काढला आणि खाली त्रेचाळीस अंगठे घेतले. तेव्हा डोळ्यांपुढे ते मोडलेले मनगट होते, झाडे आठवली नाहीत. जिल्हा होऊन चार वर्षे झाली होती, कचेऱ्या नव्या होत्या, अर्ज वाचला गेला. सहा महिन्यांनी दिवा आला तो अगदी नकाशात दाखवल्या जागी, आणि सबंध वर्षात ज्या आठवड्यात यायला नको त्या आठवड्यात.

या वर्षी झाडे लाल होणे गरजेचेही फार होते. मागच्या वर्षी बोअर आटली आणि निम्म्या कुंड्या गेल्या. सिकंदराबादच्या शाळेने आणि तिथल्या दोन चर्चनी मिळून अडीचशे कुंड्या सांगितल्या होत्या, सोबत पत्रही आले होते की यंदा कमी पडल्या तर पुढे बंगळूरहून मागवू. आणि प्लॉटांचा धंदा करणारा साहेबराव होता. जिल्हा झाल्यापासून नांदेड रस्त्याच्या प्लॉटांना सोन्याचा भाव आला होता. साहेबराव स्कूटरवरून दर पंधरा दिवसांनी यायचा, फाटकाशी पाय टेकवून म्हणायचा की आक्का, जिल्ह्याच्या ठिकाणी कुणी झाडं लावतं का, इथं दुकानांचा गाळा निघतो गाळा. माणूस वाईट नव्हता. कंटाळून रुद्राणीबाईंनी त्याला सांगितले होते, नाताळानंतर या. झाडे लाल झाली तर नाही म्हणेन, हिरवी राहिली तर कागद घेऊन या. शब्द दिला तो दिला. वहीत तारखेसकट होता.

दिवा लागल्याच्या दुसऱ्या दिवसापासून त्यांनी आपल्या परीने सुरुवात केली. संध्याकाळी पाच वाजता एकेक कुंडी उचलायची, सामानाच्या खोलीत नेऊन ठेवायची, सकाळी परत आणायची. खोलीत तीस मावल्या. बासष्टाव्या वर्षी साठ खेपा. तीनशे बारातल्या तीस. उरलेल्यांसाठी त्यांनी आपली जुनी पातळे दोरीवर टाकून पाहिली. रात्री जेवणापूर्वी त्या वही घेऊन प्लास्टिकच्या घरात जायच्या आणि कुंडीजवळ धरायच्या. अक्षर दिसले की समजायचे झाडालाही दिसते. पातळांमधून तारीख वाचता आली, वारही वाचता आला.

धुरपताने त्यांना धरले ते आठवड्याभराने. धुरपता सहा वर्षे कामाला होती, वस्तीतच राहायची, माहेर लोह्याकडचे. काड्या लावण्यात तिचा हात असा होता की शंभरातल्या पंच्याण्णव जगायच्या. त्या संध्याकाळी ती विसरलेला डबा न्यायला परत आली, तर रुद्राणीबाई खेपा वाचवायला दोन्ही काखांत कुंड्या घेऊन अंगणात उभ्या.

"आक्का, कुठं घेऊन चालल्या ह्या?"

"जागा बदलतेय."

"रोजच्याला? म्या सकाळी बगून राहिले ना, पहिल्या ओळीतल्या कुंड्या मातीच्या खुणांवर बसत न्हाईत. मला वाटलं मांजर फिरतंय." तिने एक कुंडी त्यांच्या काखेतून काढून घेतली आणि रस्त्याकडे मान वळवली. "त्या दिव्याचं हाय का?"

रुद्राणीबाईंनी दुसरी कुंडी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "अर्ज मीच लिहिला होता, धुरपता."

"मंग? अर्ज आमचा व्हता. अंगठे आमचे. तुमचं नुसतं अक्षर."

"दिवा काढा असं मी म्हणणार नाही. सरजाबाईचं मनगट अजून वाकडं आहे."

"काढा म्हणताल तर मीच भांडंन तुमच्यासंगं," धुरपता म्हणाली. "पन आठ दिस गप कामून बसलात? बोलायला पैसे पडत न्हवते."

 काय वाटले ते लिहायचे नाही ही सवय वहीपुरती होती, ती माणसांनाही लागू होऊन बसली होती, हे रुद्राणीबाईंच्या त्या क्षणी ध्यानात आले.

धुरपता डबा तिथेच विसरून हापशावर गेली. दुसऱ्या दिवशी सांजच्याला, पाणी चढायची वाट पाहत बसलेल्या दहाबारा बायका फाटकातून आत आल्या. पुढे सरजाबाई, वस्तीतली सर्वांत म्हातारी आणि सर्वांत तिखट तोंडाची. तिने प्लास्टिकच्या घरात डोके घातले, हिरव्या ओळींवरून नजर फिरवली आणि विचारले की उजेडात लाल व्हायला यांना लाज वाटते की काय. नव्या नवरीची जात दिसती, मागून कुणीतरी म्हणाले, आडोसा मागती. मग अंतरपाट धरा की, दुसरी म्हणाली, आक्काला मंगलाष्टका येतच असतील विंग्रजीतून. रुद्राणीबाईंनाही हसू आले. आठ दिवसांत पहिल्यांदा.

त्यांनी दोरीवरचे पातळ दाखवले आणि वहीचा प्रयोग सांगितला. सरजाबाईने पातळ दोन बोटांत धरून चोळले.

"ह्यानं काय व्हतंय. ह्यातून तर माशीबी वाट काढंल. उजेड अडवायचा म्हणलं तर वाकळ पाहिजे."

असे म्हटल्यावर बायका एकमेकींकडे पाहू लागल्या, कारण वाकळ प्रत्येक घरात होती आणि ऑक्टोबराच्या उकाड्यात ती ट्रंकेत नाही तर दांडीवर पडून होती. जुनी लुगडी, फाटकी धोतरे, एकावर एक सात आठ पदर, आणि वरून धावदोऱ्याच्या इतक्या जवळ ओळी की सुईला जागा सापडू नये. लेकीच्या जन्माला एक, लग्नाला एक, अशा बेताने शिवलेल्या. ती वस्तू कुणी कुणाला उसनी देत नाही. सासूच्या लुगड्याची वाकळ दुसऱ्याच्या अंगावर जाणे बरे दिसत नाही.

"अंगावर कुठं जाती हाय," धुरपता म्हणाली. "झाडापुढं टांगायची हाय."

सरजाबाईने बराच विचार केला. मग अट घातली. ज्या दिवशी थंडी पडली त्या दिवशी वाकळ माघारी. झाड हिरवं असो का पिवळं, एक रात्र वर न्हाई, घरात लेकरं हायेत. रुद्राणीबाईंनी मान डोलावली. त्याच संध्याकाळी सोळा वाकळा आल्या.

बाईंनी सुतळी आणि काठीने हिशेब मांडला. दिवा वीस फूट उंचीवर, खांब प्लास्टिकच्या घरापासून तीस फुटांवर. वाकळेचा वरचा काठ आठ फूट उंच ठेवला तर सावली मागच्या भिंतीपर्यंत पोचते. शाळेत भूमितीत त्या पहिल्या यायच्या, आणि त्यानंतर इतक्या वर्षांत ती भूमिती प्रथमच कामी येत होती. वाकळा सहा फुटांच्या होत्या, त्यामुळे खालून दोन फुटांची फट राहिली. तिथे त्यांनी मिळतील ती पोती लावली. गुरुवारी, नऊ ऑक्टोबरला, सोळाही वाकळा रस्त्याच्या बाजूने दोरीवर चढल्या. रुद्राणीबाई वही घेऊन आत गेल्या. शेवटून पहिल्या ओळीपर्यंत एकेका कुंडीशी वही धरून आल्या. दुसऱ्या ओळीपर्यंत काही दिसले नाही. पहिल्या ओळीत, फटीजवळ, तारीख अंधूक दिसली.

"पहिल्या ओळीचं काही खरं नाही," त्या बाहेर येऊन म्हणाल्या.

"एका ओळीला कुनी रडत न्हाई," धुरपता म्हणाली.

दिवसा झाडांना ऊन हवे, म्हणून वाकळा सकाळी गुंडाळून वर बांधायच्या आणि साडेपाचला सोडायच्या. हे काम कुणी कुणाला सांगितले नाही. संध्याकाळी जी बाई हापशाच्या रांगेत असायची ती घागर रांगेत ठेवून आत यायची, आपली वाकळ सोडायची, शेजारच्या दोन सोडायची आणि नंबर यायच्या आत परत जायची. पहाटेची पाळी तशीच. येता जाता झाडांवर शेरे. कुणाची सून लवकर उठते, कुणाची वाकळ कशाला इतकी जाड, कुणी सासूचे लुगडे उलटे लावले. धम्मचक्राच्या दिवशी सगळ्या पांढरी लुगडी नेसून विहारात गेल्या, तेव्हा रुद्राणीबाईंनी एकटीने सोळा वाकळा सोडल्या आणि खालून गाठी मारल्या. तासभर लागला. परतताना सरजाबाई फाटकातून डोकावून गाठी बघून गेली. दुसऱ्या दिवशी तिने सांगितले की आक्का, तुमच्या गाठी मास्तरणीच्या हायेत, वाऱ्याला कळत न्हाई त्या सोडायच्या कशा.

साहेबराव आला तो दिवाळीच्या आधी. रस्त्यावरून साठ फूट रंगीबेरंगी वाकळा पाहून त्याने स्कूटर बंदच केली. वाकळांचं दुकान काढलं का, असे त्याने विचारले. हापशावरून उत्तर आले की व्हय, तुमच्या मापाची बी हाय, पोट आत घ्या म्हंजे बसंल. साहेबराव हसला आणि एका वाकळेचा भाव विचारूनच गेला. खरोखर घ्यायचा त्याचा विचार होता.

दिवाळी झाली. झाडे हिरवी होती. रुद्राणीबाई रोज सकाळी शेंड्याची पाने उलटी करून पाहायच्या. मागच्या वर्षीच्या वहीत आठ नोव्हेंबरला शिरांवर लाली दिसल्याची नोंद होती. यंदा आठ गेला, दहा गेला, बारा गेला. चौदाला मागच्या ओळीतल्या एका झाडाच्या शेंड्यावर, पानाच्या मधल्या शिरेत, लाल दोऱ्याएवढी रेघ दिसली. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिले आणि धुरपताला हाक मारली. धुरपताने वाकून पाहिले आणि म्हणाली की आता दहा-बारा दिस द्या ह्याला, मंग कुनाला भीत न्हाई ते.

दहा-बारा दिवस मिळाले नाहीत. सोळा तारखेच्या रात्री वाऱ्याने दिशा बदलली. पहाटे रुद्राणीबाई उठल्या तेव्हा फरशीला पाय लावताच त्यांना कळले. बाहेर हापशाच्या रांगेत बायका डोक्यावरून पदर घेऊन, हात काखेत घालून उभ्या होत्या. कुणी वाकळेचे नाव काढले नाही. उलट एकीने नेहमीप्रमाणे आत येऊन आपली वाकळ गुंडाळून वर बांधली आणि मुकाट गेली.

सकाळी धुरपता आली तर रुद्राणीबाई स्टुलावर चढून गाठी सोडत होत्या. सहा वाकळा घडी करून ओट्यावर ठेवलेल्या.

"हे काय करून राहिल्या?"

"थंडी पडली."

"कुनी मागितली का? सरजामावशी स्वतः म्हणली, आठ दिस ऱ्हाऊ द्या. लेकरं पोत्यात झोपत्याल, मरत न्हाईत."

"पोत्यात झोपतील म्हणूनच," रुद्राणीबाई म्हणाल्या. "मी सरजाबाईला शब्द दिला होता. थंडीला दिला होता, आठ दिवसांना नाही."

"अन् सायेबरावाला दिलेला? तो बी शब्दच हाय ना. झाडं हिरवी ऱ्हायली म्हंजे हे समदं त्याचं."

"असेल त्याचं."

धुरपताने तिरमिरीत ओट्यावरची वाकळ उचलली, पुन्हा ठेवली. सहा वर्षांत ती बाईंवर कधी रागावली नव्हती. तिच्या हाताने लावलेल्या काड्या होत्या त्या, सगळ्या. पाठ फिरवून ती प्लास्टिकच्या घराकडे निघाली. मग आत गेली, आणि रुद्राणीबाईंना वाटले ती रडते आहे. ती कुंड्या मोजत होती. बाहेर येऊन म्हणाली की शेवटच्या चार ओळींत बऱ्याच शेंड्यांना रेघ आलेली हाय, तुमचा चष्मा बदलायला झालाय. आणि स्टूल धरायला उभी राहिली.

दुपारपर्यंत सोळा वाकळा वस्तीत घरोघर पोचल्या. सरजाबाईने आपली घेतली, झटकली, नाकाला लावली आणि मातीचा वास येतो म्हणून तक्रार केली. मग आतून एक गुळाचा खडा आणून दोघींच्या हातावर ठेवला.

त्या रात्रीपासून दिवा पुन्हा सरळ झाडांवर पडू लागला. रुद्राणीबाईंनी वही घेऊन आत जाणे बंद केले. त्यांनी ठरवले की आता जे व्हायचे ते झाडाने ठरवलेले आहे. एकोणचाळीस रात्री मिळाल्या. पुरल्या तर पुरल्या. दिवसा त्या नेहमीसारखे काम करायच्या. मगाने पाणी, पिवळे पान खुडणे, पांढरी माशी पुसणे. जेवण मात्र आठवडाभर नीट गेले नाही, आणि तेही त्यांनी वहीत लिहिले नाही.

नोव्हेंबराच्या शेवटच्या आठवड्यात रेघांची पाने झाली. मागून पुढे रंग चढत आला, ओळीमागून ओळ. उजेड होता, पण झाडांनी आता तिकडे लक्ष दिले नाही. एकदा निघाल्यावर माघारी फिरायची त्यांची जात नव्हती. डिसेंबराच्या पहिल्या रविवारी हापशावरच्या बायका घागरी खाली ठेवून आत आल्या आणि ओळीओळींतून फिरल्या. रात्री दिव्याच्या उजेडात ते सबंध घर रस्त्यावरून लाल दिसू लागले. नांदेडकडून येणाऱ्या एस. टी.चे ड्रायव्हर तिथे गाडी हळू करायचे. वस्तीतल्या बायका त्याचे श्रेय दिव्याला देऊ लागल्या. सरजाबाई म्हणायची, आमचा दिवा नसता तर कुनाला दिसलं असतं का हे?

पहिली ओळ हिरवीच राहिली. एकोणचाळीस कुंड्या, एखाद्या पानावर चुकून लाल ठिपका.

शुक्रवारी, एकोणीस डिसेंबरला, व्यंकट मॅटाडोर घेऊन आला. देगलूरचा माणूस, अर्धे तेलुगू, अर्धे मराठी बोलायचा, सिकंदराबादचा माल तोच न्यायचा. त्याने दारातून आत पाहिले आणि म्हणाला, "अम्मा, चाला बागुंदी. गेल्या सालापेक्षा लई बेस." गाडीत बांबूच्या फळ्यांचे तीन मजले केले होते. धुरपताने एकही कुंडी त्याच्या माणसाला उचलू दिली नाही. हापशावरच्या बायकांनी साखळी केली, फाटकापासून गाडीपर्यंत, आणि कुंडी या हातातून त्या हातात गेली. सरजाबाईचे मनगट वाकडे असल्याने तिला साखळीत घेतले नाही, म्हणून ती बाजूला उभी राहून कोण कुंडी तिरकी धरते ते ओरडून सांगत होती. अडीचशे भरल्या. वर तेवीस उरल्या, त्याही व्यंकटने नांदेडच्या एका फूलवाल्यासाठी मागून घेतल्या आणि समोरच्या सीटवर, पायाखाली, जिथे जागा दिसली तिथे बसवल्या. स्वतः तो दाराला चिकटून बसला.

गाडी निघताना साहेबराव आला. त्याने मॅटाडोरीकडे पाहिले, रिकाम्या झालेल्या ओळींकडे पाहिले, स्कूटरवरून उतरला नाही. रुद्राणीबाईंनी त्याला चहा विचारला. तो म्हणाला, "म्हंजे न्हाईच म्हणता." बाई म्हणाल्या, "नाहीच." त्याने चहा घेतला. घेताना सहज विचारले की पुढच्या वर्षी दोन कुंड्या मिळतील का, नव्या हापिसाच्या दारात ठेवायला. धुरपताने त्याला सांगितले की हिरव्या एकोणचाळीस हायेत, लागतील तेवढ्या आत्ताच न्या. त्याने दोन नेल्या, स्कूटरच्या पाय ठेवायच्या जागेत.

दिवस मावळल्यावर रुद्राणीबाई आणि धुरपता जवळजवळ रिकाम्या प्लास्टिकच्या घरात बसल्या. मातीवर कुंड्यांच्या गोल खुणा उमटलेल्या होत्या. पुढच्या वर्षासाठी काड्या कधी घ्यायच्या, कोणत्या झाडांच्या घ्यायच्या, यावर दोघींचे थोडे मतभेद झाले. उरलेल्या हिरव्यांपैकी धुरपताला जोमाने वाढलेल्या झाडांच्या हव्या होत्या, बाईंना ज्यांवर लाल ठिपका आला त्यांच्या. शेवटी धुरपताचे खरे झाले, कारण काड्या लावणार तीच होती. रस्त्यावर दिवा लागला. पुढच्या वर्षीच्या वाकळा आपणच शिवाव्यात, असे बाईंनी बोलून दाखवले. धुरपता म्हणाली, तुम्ही शिवल्या तर टाके मोजत बसाल, चिंध्या तेवढ्या द्या, शिवायचं आम्ही बगतो.

धुरपता गेल्यावर रुद्राणीबाईंनी घरातला दिवा न लावता, खिडकीतून येणाऱ्या उजेडात वही लिहिली. गाडी किती वाजता गेली, किती कुंड्या, हवा कशी. मग शेवटची ओळ.

दुपारच्या घाईत भाकरी जास्त झाल्या. तीन उरल्या आहेत, सकाळी कुस्करून फोडणी द्यायची.